झिंगे की यीस्ट?

वर्षावासात सुकट-झिंगे सोडणाऱ्या हिंगोलीकडच्या उपासिका आम्हाला विचारतात, शहरातून मुलं न्यूट्रिशनल यीस्टची पिवळी पूड आणतात, ती चालेल का? प्रथिनांसाठी चालेल, निम्मी पूड प्रथिनांचीच. प्रश्न बी-१२ चा आहे. प्रौढाला रोज सुमारे २ मायक्रोग्रॅम लागते. १०० ग्रॅम ताज्या झिंग्यांत एक-दीड मिळते, कोकणातल्या तिसऱ्यांत कितीतरी अधिक. यीस्ट मात्र बी-१२ बनवतच नाही. कारखान्यात मिसळले तरच असते. तेव्हा पाकीट वाचून घ्या. पूड महागही पडते. दूध-दही, अंडी चालत असतील तर ती बरी. हातापायांना सतत मुंग्या येत असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळीने रक्त सुधारते, पण बी-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते.