ओरखडा कोणाचा?

तापीच्या काठी बुऱ्हाणपुरास राजघाट म्हणून एक घाट आहे. वर शाही किल्ल्याच्या पडक्या भिंती, खाली पायऱ्या आणि नदीच्या पात्रात दगडी हत्ती. १६३१ साली मुमताजमहालने याच शहरात प्राण सोडला, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते; घाटावर बसून ते आठवणे निराळे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे दोन घटका बसलो होतो. त्या दोन घटका पुढे आम्हांस दोन हजार रुपयांना पडल्या.

मोटार खानदेशातील एका गावी, स्वतः चालविण्याच्या बोलीवर, दोन दिवसांसाठी घेतली होती. अनामत दहा हजार. परत करताना मालकाने गाडीभोवती फेरी मारली, डाव्या मागच्या दाराखाली वाकून पाहिले आणि कुठे कुठे फिरलात, असे विचारले. आम्ही मोकळेपणाने राजघाटाचे वर्णन केले. ‘मग तिथल्याच दगडाला घासली,’ असा निकाल लागला. मागणी आठ हजारांची! खरे सांगायचे तर घाटाच्या तोंडाशी गाडी वळविताना दगड जवळ होता. आवाज ऐकल्याचे स्मरत नाही, पण ती घासलीच नाही अशी शपथ आम्ही घेऊ शकलो नसतो. मात्र त्या चऱ्याच्या पोटात तांबूस गंज धरलेला होता, आणि दोन दिवसांच्या कोरड्या हवेत पत्र्यावर तसा गंज धरत नाही. हे दाखविताच आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. खऱ्या नुकसानीची किंमत अशी घासाघिशीने उतरते काय? गॅरेजचे बिल मागितले. ते ‘नंतर पाठवतो’ म्हणाले, आणि ते अद्याप यायचे आहे. आगगाडीची वेळ झाली होती. दोन हजारांवर सुटका करून घेतली. भांडायला हवे होते, असे घरच्यांचे मत पडले व ते बरोबर होते.

ही हकीकत आम्ही सांगत आहो ती खानदेशास नावे ठेवण्यासाठी नव्हे. परत आल्यावर आम्हांस सतावू लागला तो विचार आपल्या गोमंतकाचा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या स्कूटरी व मोटारी पाहुण्यांना भाड्याने देणे हा कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत अनेक कुटुंबांचा चरितार्थ आहे. आणि निघण्याच्या दिवशी, नेमकी विमानाची वेळ गाठून, आरशाच्या वा मडगार्डाच्या चऱ्यापायी अनामत अडविली गेली, हे गाऱ्हाणेही आपल्या कानांस नवीन नाही. ते ऐकताना आपण बहुधा आपल्या मालकाची बाजू घेतो, आणि ती बाजू पोकळ नाही. मनाई असूनही समुद्राच्या वाळूत जीप घालणारे महाभाग येथे वरचेवर निघतात. खारे पाणी गाडीच्या बुडाशी काय करते हे त्यांच्या गावी नसते. मालकाला ते काही महिन्यांनी कळते, आणि कर्जाचे हप्ते तर चालूच असतात. असा पोळलेला माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहणारच.

परंतु मागच्याचे पाप पुढच्याच्या अनामतीतून वसूल करण्यास कायदा मुभा देत नाही. १८७२ चा करार कायदा जुना खरा, पण याबाबत स्वच्छ आहे. त्याचे १५१ वे कलम घेणाऱ्याकडून सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढीच काळजी मागते. ती घेऊनही हानी झाली तर, वेगळा करार नसल्यास, तो जबाबदार राहत नाही. आणि करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी ७४ व्या कलमान्वये मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही केवळ तिची कमाल मर्यादा होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अवाच्या सवा अनामत वा नुकसानीशी प्रमाण न राखणारा दंड लादणारा करार अनुचित ठरविला आहे. शिवाय ग्राहकास स्वतःच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते. म्हणजे म्हापशात अडविलेल्या अनामतीची तक्रार इंदूरचा गृहस्थ घरी पोहोचल्यावर इंदुरातच करू शकतो. आमच्या मालकबंधूंनी हे ध्यानात घ्यावे.

उपाय महागडा नाही. गाडी देताना दोघांनी मिळून तिच्याभोवती फिरावे, असलेला प्रत्येक चरा व पोचा कागदावर नोंदवून सह्या कराव्या, छायाचित्रे दोघांच्याही फोनमध्ये राहू द्यावी. परत घेताना तोच कागद समोर धरावा. नवा चरा निघालाच तर पैसे गॅरेजच्या बिलाप्रमाणे. विम्यातून जे मिळणार ते गिऱ्हाइकाकडून पुन्हा घेणे नाही. वाहतूक खात्याने असा कागद परवान्याच्या अटींत सक्तीचा करावा आणि तो खरोखर भरला जातो की नाही हे हंगामात अचानक जाऊन पाहावे, अशी आमची मागणी आहे. मालकांच्या संघटनांनी त्याची वाट न पाहता तो आपणहून छापून घेतला तर अधिक बरे. पाहुण्यांची गर्दी दिवाळीनंतर वाढू लागते. तोवर एवढे होण्यास अडचण दिसत नाही.