आधी किडनीचं विचारा

किडनीत गाठ निघाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, “सिस्टर, दुर्बिणीनेच होईल ना?” युरोसर्जनच्या हाताखाली थिएटरमध्ये उभं राहण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. मला वाटतं, आधी विचारावं ते हे : किडनी अख्खी काढणार की नुसती गाठ?

४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. जमेल तिथे तेवढीच गाठ काढून किडनी वाचवतात. खरी कसरत इथे. किडनीच्या धमनीला बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लागला की घड्याळाकडे बघून मिनिटं मोठ्याने सांगायची, हे आमच्यापैकी एकीचं काम. “दहा.” “पंधरा.” साधारण २५-३० मिनिटांत गाठ कापून, टाके घालून क्लॅम्प सुटायला हवा, नाहीतर रक्तावाचून किडनी दुखावते. उघड्या ऑपरेशनात किडनीभोवती बर्फाचा चुरा रचून सर्जन वेळ वाढवून घेतात. दुर्बिणीत ते अवघड. रोबोटची अवजारं मात्र मनगटासारखी वळतात, टाके पटापट पडतात. तिथे त्याचा खर्च मला पटतो. अख्खी किडनी काढायला साधी दुर्बीणही पुरते.

दुर्बिणीचा फायदा खोटा नाही. उघड्या ऑपरेशनात पेशंटला कुशीवर निजवून टेबल मधोमध वाकवतात, बरगड्यांच्या बाजूला वीतभर चीर, स्नायू कापायचे, कधी बरगडीचा तुकडाही काढायचा. नंतर नुसतं खोकलं तरी जीव जातो. काहींची ती बाजू कायमची फुगलेली राहते. दुर्बिणीत हे टळतं, रक्त कमी जातं, घरीही लवकर सोडतात. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो, तेव्हा लोक घाबरतात. ते दुखणं आपोआप थांबतं. गाठ किडनीपुरतीच असेल तर कॅन्सर निघण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धती तोडीस तोड.

१९९० साली अमेरिकेत सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीने पहिली किडनी काढली, तेव्हा पिशवीतच तिचे तुकडे करून छिद्रातून ओढले होते. आता कॅन्सरचा संशय असला की किडनी सहसा अखंडच बाहेर काढतात, कारण गाठ कुठवर पोचली ते पॅथॉलॉजिस्टला बघायचं असतं. तेवढ्यासाठी एक मोठी चीर द्यावी लागते. “दुर्बिणीने केलं म्हणालात, मग हे काय?” ड्रेसिंग बदलताना हे हमखास ऐकावं लागतं.

गाठ वाढत वाढत हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली असेल, तर बहुतेक सर्जन सरळ पोट उघडतात. आणि दुर्बिणीच्या प्रत्येक केसला उघड्या ऑपरेशनचा ट्रे मी बाजूला मांडून ठेवतेच. रक्तस्राव आवरेना, की “कन्व्हर्ट” म्हणायचा अवकाश. पेशंटकडच्यांना वाटतं, डॉक्टरांना जमलं नाही. मला तर वेळेवर पोट न उघडता आतल्या आत झगडत बसणाऱ्या सर्जनचीच जास्त धास्ती वाटते.