धनुष्यावरील डोळा

बाण सुटतो, हरीण झाडींत दिसेनासें होतें, आणि मचाणावर बसलेल्या शिकाऱ्यापुढें एकच प्रश्न उरतो : बाण लागला तो नेमका कोठें ? अमेरिकेंत धनुष्यानें शिकार करणारे पुष्कळ लोक अलीकडे आपला स्मार्टफोन धनुष्यावर बसवून शिकारीचें चित्रण करतात. ही केवळ हौस आहे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु ह्या हौसेच्या पोटीं एक जबाबदारीही दडलेली आहे. ती ध्यानांत ठेवली, तर फोन बसविण्याचें साधन घरच्या घरीं कसें बनवावें, हें आपोआप ठरत जातें.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा शिकारीस बंदी आहे. अमेरिकेंत मात्र निरनिराळीं राज्यें ठराविक मोसमापुरते परवाने देतात. विस्कॉन्सिन राज्यानें हरणांसाठीं धनुष्याचा स्वतंत्र मोसम १९३४ मध्यें सुरू केला. पुढें मिसूरी राज्यांतील हॉलेस विल्बर ॲलन ह्या गृहस्थानें धनुष्याच्या टोंकांस चाकें बसविलीं व १९६९ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. 'कंपाउंड' नांवाच्या ह्या धनुष्याची दोरी पूर्ण ओढली कीं हातावरील ताण पुष्कळ कमी होतो, आणि नेम धरून थांबणें शक्य होतें. आजच्या अशा धनुष्यांतून बाण सेकंदाला सुमारें ३०० फूट वेगानें सुटूं शकतो.

आतां थोडें गणित. हरीण २० वारांवर, म्हणजे ६० फुटांवर उभें आहे. बाणाला तेथवर जाण्यास सेकंदाचा पांचवा भाग लागेल. पण ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ११०० फूट. म्हणजे दोरीचा आवाज हरणाच्या कानीं सेकंदाच्या अठराव्या भागांतच पोंचतो. दचकलेलें हरीण उडी घेण्यासाठीं आधीं खालीं दबतें, आणि मग बाण नेमाच्या वर लागतो. शिकाऱ्यानें नेम कोठें धरला हें त्याला ठाऊक असतें. बाण कोठें लागला हें मात्र पुष्कळदां ठाऊक नसतें.

ह्या अज्ञानाची किंमत हरणाला मोजावी लागते. बाण हृदयाला किंवा फुप्फुसांना लागला असेल, तर अर्धा तास थांबून माग काढावा, असा अनुभवी शिकाऱ्यांचा परिपाठ आहे. पण तो पोटांत शिरला असेल, तर आठ ते बारा तास थांबावें लागतें. घाईनें मागें गेल्यास जखमी जनावर उठून दूर पळतें, यातना भोगीत मरतें आणि कोणाच्या हातींही लागत नाहीं. थांबावयाचें कीं निघावयाचें, ह्याचा निर्णय घेण्यास चित्रणासारखा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाहीं.

साधन बनवितांना पहिली अडचण आंट्यांची येते. कंपाउंड धनुष्याच्या मुठीखालीं, पुढील बाजूस, तोल सांभाळणारी दांडी बसविण्याचें भोंक असतें. त्याचे आंटे पांच-सोळांश इंच व्यासाचे, इंचाला २४ असतात. उलट, कॅमेऱ्याच्या तिपाईचा स्क्रू पाव इंच व्यासाचा, इंचाला २० आंट्यांचा. हे दोन एकमेकांत बसत नाहींत, आणि बळानें फिरविल्यास धनुष्याचें भोंक कायमचें बिघडतें. म्हणून मध्यें पट्टी घालणें हाच सोपा मार्ग होय.

एक इंच रुंद, अष्टमांश इंच जाड व सहा इंच लांब अशी ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. शेगड्यांत धरून ती काटकोनांत वांकवावी. एका बाजूस तोलाच्या दांडीचा स्क्रू सैलसर जाईल एवढें भोंक पाडावें. दुसऱ्या बाजूस पाव इंचाच्या स्क्रूसाठीं पाडावें. कडा कानशीनें घासून बोथट कराव्या. पट्टी धनुष्य व दांडी ह्यांच्यामध्यें धरून दांडी घट्ट आवळली, कीं आडवी बाजू दांडीखालीं पुढें येते. पट्टी ह्याहून जाड घेतल्यास दांडीचे आंटे धनुष्यांत पुरेसे शिरत नाहींत. आडव्या बाजूस, वरून स्क्रू घालून, तिपाईवर वापरतात तो फोनचा चिमटा टांगावा. चिमटा स्प्रिंगचा नसून स्क्रूनें आवळण्याचा असावा. फोन उलटा लटकला तरी चिंता नको. चित्रण सुरू करतांना तो आपली स्थिति स्वतःच ओळखतो.

आतां धक्क्याचा विचार. बाण सुटतांच सबंध धनुष्य हादरतें. मोटरसायकलच्या शक्तिमान इंजिनाच्या कंपनांनीं फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनें २०२१ मध्यें दिला होता. धनुष्याचा हिसका क्षणिक असला, तरी सावधगिरी बरी. पट्टीच्या दोन्ही अंगांस सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घालाव्या, चिमट्याच्या जबड्यांना तेंच रबर चिकटवावें, आणि फोनला एक बारीक पण मजबूत दोरी बांधून ती धनुष्याच्या मुठीस अडकवावी. ही दोरी, तशीच पट्टी, प्रत्यंचा, तारा व बाण ह्यांच्या वाटेंत किंचितही येतां कामा नये.

फोनचें वजन सुमारें २०० ग्रॅम. पण तें जितकें पुढें जाईल तितकें हाताला अधिक जाणवतें. दोन इंचांवर जेवढा भार, त्याच्या तिप्पट सहा इंचांवर. तेव्हां फोन मुठीच्या होईल तितका जवळ असावा. साधन बसविल्यावर धनुष्याचा तोल बदलतो, म्हणून शिकारीपूर्वीं लक्ष्यावर सराव करून नेम पुन्हां जुळवून घेणें अगत्याचें आहे. बाण न लावतां नुसती दोरी सोडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्यानें धनुष्य फुटूं शकतें.

चित्रणाच्या वेगाबाबतही तारतम्य हवें. सेकंदाला ३० चित्रें घेतलीं, तर बाणाचा वरील सर्व प्रवास सहा चित्रांत संपतो. २४० घेतलीं, तर ४८ मिळतात. पण त्या वेगांत प्रत्येक चित्राला फार तर सेकंदाचा २४० वा भाग एवढाच प्रकाश मिळतो, आणि हरणें बाहेर पडतात तीं पहांटे व संध्याकाळीं. अंधुक उजेडांत ६० चित्रांचा वेगच पुरवतो. शिवाय, फोनची नेहमींची लेन्स सुमारें ७० अंशांचा देखावा घेते. २० वारांवर तो ८४ फूट रुंद होतो, आणि त्यांत पांच फुटांचें हरीण म्हणजे सतरावा हिस्सा. तिपटीनें जवळ आणणारी लेन्स असल्यास ती वापरावी. थंडींत बॅटरी लौकर उतरते, म्हणून फोन प्रतीक्षेच्या वेळीं आंतल्या खिशांत ठेवावा. आणि धनुष्यावर चढविल्यावर पडद्याचा उजेड, दिवा व आवाज बंद करावे.

धनुष्यास विद्युत् उपकरण जोडण्याविषयीं प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. ते आधीं पाहिलेच पाहिजेत. धनुष्याच्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा, १९६१ मध्यें स्थापन झालेला 'पोप अँड यंग क्लब' चित्रणाच्या उपकरणास मोकळीक देतो. मात्र त्यानें लक्ष्यावर प्रकाश टाकूं नये, आणि अंतर मोजण्यास वा नेम धरण्यास मदत करूं नये, अशी त्याची अट आहे. ह्या अटींत मोठें शहाणपण आहे. चित्रण आधींच सुरू करून फोन विसरून जावा. ज्याचें लक्ष पडद्याकडे, त्याचा नेम चुकलाच म्हणावयाचा.

शिकारीशीं कर्तव्य नसलेल्यांनाही ही पट्टी उपयोगीं पडेल. २०२३ मध्यें बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड धनुष्यांतच जगज्जेते झाले, आणि तेव्हांपासून हें धनुष्य महाराष्ट्रांतील मुलांना अपरिचित राहिलेलें नाहीं. सरावाच्या वेळीं बाण सुटतांना मूठ कोणत्या अंगास कलते, हें असें चित्रण दाखवूं शकतें. मैदानावर चुकलेला बाण कागदाच्या लक्ष्यांतून उपटून घेतां येतो. रानांत तसें होत नाहीं. म्हणूनच तेथें तो कोठें लागला, हें निश्चित कळण्याची गरज अधिक.