मीठ, शपथ आणि विवेक



नंदगडच्या भूमीवर शिपायाच्या सद्सद्विवेकाविषयी बोलू लागताच संगोळी रायण्णाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी कंपनी सरकारने त्याला येथेच फाशी दिले. तो कित्तूर संस्थानचा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन कसणारा शिपाई. १८२४ मध्ये कित्तूर पडले, तरी तो खाल्ल्या मिठाला जागला. त्याचे मीठ आणि त्याचा विवेक एकाच बाजूला होते. त्यामुळे त्याच्या वाट्याला मरण आले. मनाची दुफळी आली नाही. मला आज बोलावयाचे आहे ते ज्यांच्या वाट्याला ही दुफळी आली, त्यांच्याविषयी.

बेळगाव हे १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. आपल्या भागातील कित्येक घरांतील मुलगे तेथूनच जगभर गेले. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी जावा बेटावरील सुराबाया बंदरात ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली, तिच्यात मराठा शिपाईही होते. त्यांना नेमून दिलेले काम पुण्याचेच होते: शरण आलेल्या जपानी फौजेची शस्त्रे काढून घेणे आणि छावण्यांत अडकलेल्या युरोपीय बायकामुलांना सोडविणे. परंतु १७ ऑगस्ट रोजीच इंडोनेशियाने आपले स्वातंत्र्य घोषित केले होते. या फौजेमागोमाग डचांचे राज्य परत येणार, अशी तेथील जनतेची रास्त भीती होती.

मॅलबींनी स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला. पण २७ ऑक्टोबर रोजी वरिष्ठांनी विमानातून पत्रके टाकून लोकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम फर्मावला. दिलेला शब्द असा वरच्या वरच मोडला गेला. दुसऱ्या दिवशी लढाई पेटली. शहरात विखुरलेली लहान लहान ठाणी वेढली गेली आणि बायकामुलांना घेऊन जाणाऱ्या वाहनांवरही हल्ले झाले. ३० ऑक्टोबर रोजी मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरपासून ताज्या फौजेने जमीन, समुद्र आणि आकाश या तिन्ही बाजूंनी शहरावर मारा केला. इंडोनेशियात तो दिवस आज वीरदिन म्हणून पाळला जातो.

या प्रसंगी शिपायाच्या मनासमोर काय उभे राहिले असेल? निराधार बायकामुलांचे रक्षण हा त्याचा धर्म होता. पण समोर बंदूक रोखून उभा असलेला माणूस तेच मागत होता, जे त्याच्या स्वतःच्या देशात त्याचे भाऊबंद मागत होते. पंडित नेहरूंनी हिंदी फौजेच्या या वापराचा जाहीर निषेध केला होता. योगायोग असा की, ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला. तेथे भुलाभाई देसाई हाच प्रश्न मांडणार होते: परतंत्र देशाच्या शिपायाची निष्ठा राजाशी की देशाशी?

आपल्या भाषेत ‘मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार निष्ठेचा कळस मानला जातो. तथापि त्यातील मीठ कोणाचे, हे आपण क्वचितच विचारतो. पलटणीचा पगार सरकारी खजिन्यातून येई आणि खजिना रयतेच्या साऱ्यातून भरे. म्हणजे मीठ देशाचेच होते. वाढणारा हात तेवढा परका. वसाहतीच्या युद्धातील शिपायाची कोंडी या गफलतीत आहे.

त्या कोंडीतून तीन वाटा निघत. पहिली नकाराची: २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचे नाकारले आणि त्यासाठी तुरुंग पत्करला. दुसरी बाजू बदलण्याची. जावात काही हिंदी सैनिक इंडोनेशियन लोकांना जाऊन मिळाले. तिसरी वाट हुकूम पाळण्याची आणि पुढे आयुष्यभर त्याचे ओझे वाहण्याची. बहुसंख्य शिपायांची वाट हीच होती. पहिल्या दोन वाटांचा इतिहास लिहिला जातो. तिसरीचा बहुधा लिहिला जात नाही. माझ्या लहानपणी पेन्शनवरील शिपायांकडून इटलीच्या, आफ्रिकेच्या गोष्टी ऐकल्या. जावाचे नाव कोणी काढल्याचे आठवत नाही.

या तिसऱ्या वाटेच्या माणसाला हुतात्मा म्हणता येणार नाही, आणि गद्दार म्हणणे अन्यायाचे होईल. हुकूम देणाऱ्याचा दोष मोठा, हे निर्विवाद. परंतु हुकमाचा आधार असूनही ज्याचे मन त्याला खात राहिले, त्याने निदान आपली सद्सद्विवेकबुद्धी वरिष्ठांच्या स्वाधीन केली नव्हती. अपराधभाव हा दुबळेपणा नव्हे. संतांनी मनाला साक्षीदार मानले. तो साक्षीदार जिवंत असल्याची ती खूण आहे.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पदके असतील, त्यांनी ती एकदा काढून पाहावीत. एखाद्या पदकाच्या फितीवरील पट्टीवर ‘एस. ई. एशिया १९४५–४६’ अशी अक्षरे असतील. जावाच्या मोहिमेतील शिपायांना तीच पट्टी मिळत असे. ती आढळल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी काय सांगितले होते आणि काय सांगावयाचे टाळले होते, आणि ते लिहून ठेवा. रायण्णाची समाधी नंदगडला आहे; या माणसांची आठवण एवढ्या एका पट्टीवरच राहू नये.