एक स्पीकर दुरुस्त केला, दुसऱ्यावर प्रयोग केला

मागच्या दिवाळीत मामाने चिपळूणच्या घरातले जुने लाकडी स्पीकर मला देऊन टाकले. साधारण ४० वर्षांपूर्वीची जोडी. सागवानी व्हिनियर, पुढे कापडी जाळी, आत ८ इंची वूफर आणि एक छोटा ट्वीटर. लावले की खालच्या सुरांना फडफड आणि वरचा आवाज दबलेला.

एका रविवारी डावा स्पीकर उघडला आणि संध्याकाळपर्यंत चार गोष्टी बदलून टाकल्या. वूफरच्या कडेचा फोम, क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर, आतली वायर आणि पेटीत भरलेला कापूस. रात्री लावला, मस्त वाजला! दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "कशामुळे सुधारला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारपैकी कशामुळे, किती, काहीच सांगता येईना. आधीची मोजमापं घेतलेली नव्हती आणि जुना कपॅसिटर कचऱ्यात गेला होता. रिसर्च करू पाहणाऱ्यांनी ही चूक घरातल्या स्पीकरवर केलेली बरी, म्हणून हे लिहितोय. सुदैवाने उजवा स्पीकर अजून बंदच होता.

आधी प्रश्न वेगळे करा

स्पीकर पूर्ववत करणं आणि त्यात बदल करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्ववत करताना उत्तर आधीच ठरलेलं असतं: वस्तू नवी असताना जशी होती तशी व्हावी. बदल करताना मात्र आपण एक दावा करतो, की मूळ डिझाइन करणाऱ्यापेक्षा आपलं चांगलं होईल. पहिल्याला मूळ माहिती लागते, दुसऱ्याला पुरावा. मी डाव्या स्पीकरमध्ये दोन्ही एकाच वेळी केलं होतं.

हात लावण्याआधी मोजा

उजव्या स्पीकरचं पहिलं काम म्हणजे बेसलाइन. लॅपटॉपचं साउंड कार्ड, माहीत असलेल्या किमतीचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर स्पीकरचा इम्पीडन्स मोजता येतो. कमी फ्रिक्वेन्सीपासून वर जात आलेख काढला, की बंद पेटीच्या स्पीकरला खालच्या भागात एक शिखर दिसतं. तो वूफरचा रेझोनन्स. गणित आपलं बारावीचंच: स्प्रिंगचा ताठपणा भागिले वस्तुमान, त्याच्या वर्गमुळावर रेझोनन्स ठरतो. ताठपणा ४४ टक्के वाढला तर रेझोनन्स २० टक्के वर सरकतो.

असल्या साध्या विद्युत मोजमापावरून वूफरचा खालचा आवाज कसा येईल हे सांगता येतं, हे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. आजही वूफरच्या डेटाशीटवर 'थील-स्मॉल पॅरामीटर' छापतात ते हेच.

पहिली पायरी: फोम

वूफरच्या कागदी कोनाच्या कडेचा फोम बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. त्यातले एस्टर बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात, म्हणजे हायड्रोलिसिस. कोकणातल्या दमट हवेत ४० वर्षं काढल्यावर माझ्या हाती फक्त चिकट चुरा आला. नवा फोम चिकटवताना कॉइल मधोमध राहते ना, हे बघायला २०-३० हर्ट्झचा हलका टोन लावून ठेवायचा. घासल्याचा आवाज आला की कोन किंचित सरकवायचा, मग गोंद सुकू द्यायचा.

आता शंका अशी, की नवा फोम मूळ फोमपेक्षा ताठ असला तर? इथे पेटीची रचना कामी येते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. त्याची कल्पना अशी, की वूफर स्वतः मऊ ठेवायचा आणि हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायचं. अशा पेटीत ताठपणाचा मोठा वाटा हवेचा असतो, त्यामुळे फोममधला थोडा फरक चालून जातो. हवा गळणं मात्र चालत नाही. बोटांनी कोन अलगद आत दाबून सोडायचा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. मी पुन्हा आलेख काढला. आधी बुटकं आणि पसरट असलेलं शिखर आता उंच आणि स्पष्ट दिसलं. फडफड गेली ती फोममुळेच, कारण दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता.

दुसरी पायरी: कपॅसिटर

ट्वीटरकडे फक्त वरचे सूर जावेत म्हणून त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. माझ्या कपॅसिटरवर ४.७ मायक्रोफॅरड छापलं होतं. एक पाय सोडवून मोजला तर ६.१ भरला, आणि त्याचा आतला रोध १.५ ओहम. ट्वीटर स्थिर ८ ओहमचा धरला (खरं तर तो बदलतो), तर क्रॉसओव्हरची फ्रिक्वेन्सी सुमारे ४,२३० हर्ट्झवरून ३,२६० वर घसरली होती. शिवाय त्या १.५ ओहममुळे ट्वीटरचा आवाज जवळपास १.५ डेसिबलने कमी झाला होता. 'दबलेला' आवाज तो हाच.

मग आधी त्याच प्रकारचा नवा इलेक्ट्रोलिटिक लावला. आतला रोध ०.५ ओहम, म्हणजे फक्त अर्ध्या डेसिबलची घट. त्यानंतर फिल्म कपॅसिटर लावला. त्याचा रोध जवळजवळ शून्य, त्यामुळे तो अर्धा डेसिबलही परत आला. हिशेब बघा: एकूण १.५ डेसिबलच्या सुधारणेतला १ डेसिबल दुरुस्तीचा होता, बदलाचा फक्त अर्धा. डाव्या स्पीकरमध्ये मी सगळं श्रेय महागड्या फिल्म कपॅसिटरला देऊन मोकळा झालो होतो! आणि तो अर्धा डेसिबल सुधारणाच आहे असंही नाही. डिझाइन करणाऱ्याने तो रोध हिशेबात धरला असेल, तर फिल्म कपॅसिटरसोबत अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लावणंच मूळच्या जवळ जातं.

तिसरी पायरी: वायर आणि आपले कान

जाड वायरने फरक पडतो असं मला मनापासून वाटत होतं. पण नव्यावर पैसे खर्च केले की कान आपल्याच बाजूने साक्ष देतात, आणि किंचित मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो. म्हणून दोन्ही वायरींसाठी आवाजाची पातळी मोजून सारखी केली. मित्राने नाणं उडवून वायर निवडायची, मी पाठ करून ऐकायचं आणि कोणती ते सांगायचं. अशा १० फेऱ्या.

माझी ६ उत्तरं बरोबर आली. ऐकायला बरं वाटतं, पण नुसते अंदाज ठोकूनही ६ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३७.७ टक्के असते. ८ आली असती तरी ती ५.५ टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या ५ टक्क्यांच्या रेषेबाहेरच. ९ लागतात; तिथे ती १.१ टक्क्यावर येते. किती उत्तरं बरोबर आली तर मानायचं हे मी ऐकण्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं, नाहीतर त्या रात्री ६ लाच 'चांगला निकाल' म्हटलं असतं. यावरून वायरने फरक पडतच नाही असं सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं, की मला तो ओळखता आला नाही.

जे परत येत नाही

सगळ्या चुका दुरुस्त होत नाहीत. व्हिनियरचा थर सहसा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. पॉलिश पेपर जरा जास्त घासला की खालचं लाकूड उघडं पडतं, आणि मग तो मूळ पृष्ठभाग कायमचा गेला. म्हणून आधी फोटो, मग मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवून पाहणं (चिकट झालं तर लाखेचं पॉलिश), आणि काढलेला प्रत्येक भाग तारीख लिहून पिशवीत.

आता दोन्ही स्पीकर बैठकीत आहेत. मामा येऊन ऐकून गेला, त्याला दोन्ही सारखेच वाटले. पण उजव्याबद्दल माझ्याकडे वहीची अकरा पानं आहेत, आणि डाव्याबद्दल फक्त 'मस्त वाजला' एवढंच. तुमचा पहिला प्रयोग सुरू कराल तेव्हा आधी शोधा, तुमच्याकडे उजवा स्पीकर कोणता आहे ते. आणि तो लगेच उघडू नका.