स्मरणचित्रातली जत्रा

म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलबाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे. मुरबाड-शहापूरकडच्या मुलाला ती शिकवावी लागत नाही. म्हणूनच इथल्या काही मुलांची सरावाची स्मरणचित्रे पाहताना मी चक्रावलो. विषय ‘जत्रा’. आकाशपाळणा तोच, फुगेवाला तोच, मागचे डोंगरही तेच. बैल एकाही कागदावर नव्हता.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. नावाप्रमाणे ती पाहिलेले आठवून काढण्याची. पण इंटरमिजिएटच्या ए, बी, सी श्रेणीला दहावीत अनुक्रमे 7, 5, 3 वाढीव गुण मिळतात. मग हमखास जमणाऱ्या आकृत्या घोटून घेणे ओघानेच येते. मूल आठवते ते शिक्षकाने फळ्यावर काढलेले चित्र. शिक्षकाला दोष देववत नाही. सात गुणांवर अकरावीचा प्रवेश अडतो, आणि परीक्षकापुढे शेवटी फक्त कागद जातो.

2010 पासून आठवीपर्यंत आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेला संकलित परीक्षा ठेवली नाही. सगळे आकारिक, म्हणजे मूल काम करत असताना शिक्षकाने पाहून केलेली नोंद. ही मोठी मोकळीक आहे. (प्रत्यक्षात नोंदवहीत ‘चित्र छान काढतो’ एवढेच वाचायला मिळते.)

त्या मुलांतल्या एकाला मी विचारले, “जत्रेत तू कुठे उभा होतास?”

“बैल धरून.”

त्याने कागद उलटला. आधी बैलांचे पाय काढले, कागदभर. पायांच्या फटीत, अंगठ्याएवढा, पाळणा.