घरच्या मुक्या जीवांचें अर्बुद

महाभारताच्या आरंभीं जनमेजयाच्या भावांनीं विनाकारण मारलेलें पिल्लूं रडत आपल्या आईकडे जातें, आणि त्याची आई सरमा यज्ञभूमीवर येऊन राजाला जाब विचारते. ही कथा आमच्या वाचकांस परिचित आहेच. परंतु कथेंतील कुत्रीला वाचा होती. आपल्या अंगणांतील कुत्र्याला व माजघरांतील मांजराला ती नाहीं. त्यांचें गाऱ्हाणें आपणच चाचपून ओळखावयाचें असतें. पुष्कळदा तें एका लहानशा गांठीच्या रूपानें येतें, आणि "चरबी असेल, जिरून जाईल," असें म्हणून घरांतील वडील मंडळी तें सोडून देतात. त्या गांठीसंबंधीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

कर्करोग ही कांहीं आजकाल उपजलेली व्याधि नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचें एके ठिकाणीं विवेचन आहे. अर्बुद खोल रुजलेलें असतें, सावकाश वाढतें आणि गळवासारखें पिकत नाहीं, हें त्या काळींहि ठाऊक होतें. इतकेंच नव्हे, तर काढतांना त्याचा अंश मागें राहिल्यास तें पुन्हां उद्भवतें, असा इशाराहि चिकित्सास्थानांत दिलेला आहे. आजचा शस्त्रवैद्य गांठीभोंवतालची निरोगी दिसणारी कातडीहि कांहीं अंतरापर्यंत कापून काढतो, त्याचें कारण हेंच होय.

पशुवैद्यकहि आपल्याकडे प्राचीन आहे. शालिहोत्रानें अश्वांविषयीं व पालकाप्यानें हत्तींविषयीं लिहिलें. पण ते राजाच्या उपयोगाचे प्राणी. आधुनिक पशुवैद्यकाचा आरंभहि उपयुक्त जनावरांपासूनच झाला. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. पुण्यास सायन्स कॉलेजांत, म्हणजे पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेंत, १८८९ सालीं इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. गुरांच्या बुळकांडीसारख्या सांथींचा शोध घेणें हा तिचा हेतु होता. १८९३ सालीं ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. ती बुळकांडी २०११ सालीं पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. कुत्र्यामांजरांच्या वांट्याला वैद्य आला तो या सर्वांनंतर.

आतां मात्र तशी उणीव राहिलेली नाहीं. खडकीच्या शेजारींच औंध येथें राज्याचें पशुसंवर्धन आयुक्तालय, पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय व रोग अन्वेषण विभाग आहेत. शहरांत खासगी पशुवैद्यहि पुष्कळ आहेत. तेव्हां खडकीकरांपुढें "कोठें जावें" हा प्रश्न नसून "केव्हां जावें" हा आहे. त्याचें उत्तर एका शब्दाचें आहे: लवकर.

प्रत्येक गांठ कर्करोगाचीच असते असें नाहीं. वयस्क कुत्र्याच्या अंगावर मेदाच्या निरुपद्रवी गांठी येतात. कोठें गळूं असतें, कोठें नुसती पाण्याची पिशवी. कुत्रीच्या स्तनांतील गांठींपैकीं सुमारें निम्म्याच घातक निघतात. मांजरीची गोष्ट निराळी. तिच्या स्तनांतील दर शंभर गांठींत ऐंशींहून अधिक घातक असतात. मांजरीची गांठ दोन सेंटिमीटरांहून लहान, म्हणजे सुपारीच्या आंत असतांना काढली, तर तिला पुष्कळ अधिक आयुष्य लाभतें. मोठी होऊं दिली तर रोग फुप्फुसांत पोंचलेला असण्याचा संभव वाढतो. महिनाभर वाट पाहण्याची किंमत ही अशी आहे.

गांठीशिवाय इतरहि खुणा लक्षांत ठेवाव्या. न भरून येणारी जखम, तोंडाला येणारी दुर्गंधि, गिळतांना होणारा त्रास, खाणें असूनहि रोडावणें, गळ्याखालीं अगर गुडघ्यामागें सुजलेल्या रसग्रंथि, यांपैकीं कांहींहि दिसल्यास उशीर करूं नये. मोठ्या जातीचा कुत्रा मार न लागतां लंगडूं लागला तर हाडाचा विचार करावा लागतो. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या कडांवर व नाकावर उन्हानें खपल्या धरूं लागतात. त्यांतूनहि कातडीचा कर्करोग उद्भवतो.

गांठ कोणत्या जातीची आहे हें नुसत्या स्पर्शानें थोर पशुवैद्यासहि निश्चित सांगतां येत नाहीं. म्हणून प्रथम बारीक सुईनें गांठींतील पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. यास भूल द्यावी लागत नाहीं आणि वेळहि थोडा लागतो. एवढ्यानें निर्णय न झाल्यास गांठीचा तुकडा काढून तपासतात. रोगाचा पसारा समजण्यासाठीं छातीचीं क्ष-किरण चित्रें, पोटाची सोनोग्राफी व रक्ताची तपासणी करितात. शस्त्रक्रियेनंतर काढलेली गांठ फेंकून न देतां फॉर्मेलिनमध्यें घालून प्रयोगशाळेंत पाठविण्याचा आग्रह मालकानें धरावा. ती कोणत्या जातीची होती आणि पूर्ण निघाली कीं नाहीं, हें तेथेंच कळतें.

एका जागीं असलेल्या अर्बुदावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होय. रसग्रंथींचा कर्करोग सर्व शरीरांत पसरलेला असल्यामुळें त्यावर औषधें शिरेंतून द्यावीं लागतात. या औषधांनीं कुत्र्याचे हाल होतील, अशी भीति घरोघर ऐकूं येते. वास्तविक प्राण्यांस तीं बेतानें देतात. कारण चार वर्षें कशींबशीं काढण्यापेक्षां जितके दिवस मिळतील तितके सुखाचे जावे, असा त्यांत हेतु असतो. बहुतेक कुत्र्यांचे केंसहि माणसांसारखे गळत नाहींत. रसग्रंथींचा हा रोग औषधांनीं पुष्कळदा मागें हटतो, परंतु समूळ क्वचितच जातो. बहुधा कांहीं महिन्यांची, फार तर वर्षा-दीड वर्षाची मुदत मिळते. हें आधींच समजून घेतलें म्हणजे पुढें निराशा होत नाहीं.

या औषधांपैकीं एकाचें मूळ आपल्या तुळशीवृंदावनाशेजारींच सांपडतें. व्हिन्क्रिस्टीन नांवाचें हें औषध सदाफुलीपासून काढतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संगानें पसरणारें जननेंद्रियांचें एक अर्बुद फार आढळतें. येथें रोगजंतूंची गरजच नसते. अर्बुदाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. १८७६ सालीं रशियांत नोविन्स्की या पशुवैद्यानें हें अर्बुद एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर रुजवून दाखविलें. कित्येक सहस्र वर्षांपूर्वीं एका कुत्र्याच्या देहांत उपजलेला हा रोग आजवर असा चालत आला आहे. तथापि आठवड्यास एक याप्रमाणें व्हिन्क्रिस्टीनच्या थोड्याच मात्रांनीं तो बहुधा पूर्ण बरा होतो. मात्र सदाफुलीचीं पानें वाटून कोणीं पाजूं नयेत. पानांत विष व औषध एकत्र असतात; त्यांतून औषध निवडून तें मोजून देणें हें शास्त्राचें काम आहे.

गृहिणींसाठीं तीन सूचना. घरांतील दुखण्याची गोळी प्राण्यास देऊं नये. पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. निदान होण्यापूर्वीं सूज उतरविणारें स्टेरॉइड परस्पर देऊं नये. रसग्रंथींचा रोग त्यानें कांहीं काळ दबतो, निदान चुकतें आणि पुढील औषधांचा गुणहि कमी येतो. तिसरी सूचना अशी कीं, कर्करोगाचें औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस प्राण्याचें मलमूत्र हातमोजे घालूनच उचलावें, आणि गर्भवती सुना व लहान मुलें यांस त्यापासून दूर ठेवावें. कुत्र्यामांजराचा कर्करोग मात्र सहवासानें घरच्या माणसांस लागत नाहीं; म्हणून त्या जीवास कोठीबाहेर घालवून देण्याचें कांहींच कारण नाहीं.

आतां एका नाजूक विषयाकडे वळूं. मादीचें वंध्यीकरण करणें म्हणजे मातृत्व हिरावून घेण्याचें पाप, असें कित्येक वृद्ध मंडळींस वाटतें. परंतु १९६९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, पहिल्या माजापूर्वीं वंध्यीकरण केलेल्या कुत्रीस स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर कुत्रींच्या मानानें शेंकडा अर्धाच राहतो. एका माजानंतर केल्यास तो शेंकडा आठ व दोन माजांनंतर शेंकडा सव्वीस होतो. मोठ्या जातींत फार लवकर वंध्यीकरण केल्यानें सांध्यांस अपाय होण्याचा संभव असतो, म्हणून नेमकी वेळ पशुवैद्यास विचारूनच ठरवावी. पण दरवर्षीं पिल्लें होऊं देऊन तीं रस्त्यावर सोडणें आणि शेवटीं आईला व्रणानें कुजूं देणें, यांत पुण्य कोणतें?

याहून अवघड प्रश्न शेवटचा. उपाय संपले, वेदना शमेना, अन्न सुटलें, अशा वेळीं पशुवैद्य शांत मरणाची गोष्ट काढतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें असाध्य यातनेंतील प्राण्यास अशी सुटका देण्यास वाव ठेवला आहे. अहिंसा मानणाऱ्या घरांत यावर वाद होतो, आणि तो व्हावा. कारण असा निर्णय सोपा वाटूं लागणें हेंच वाईट. मात्र विचारावयाचें तें हें: आपण त्याला जगवितों तें त्याच्यासाठीं कीं आपल्यासाठीं? तें स्वतः खातें का, ओळखीच्या हांकेला शेपूट हालवितें का, रात्रीं झोंपतें का, याची आठवडाभर नोंद ठेवावी. उत्तर बहुधा त्या नोंदींतच असतें. धर्मराजानें स्वर्गाच्या दारींहि श्वानाला टाकलें नाहीं. सुटका द्यावी असें ठरलें, तर त्या घटकेस घरचें माणूस जवळ असावें, एवढें तरी आपण करूं शकतों.

पण बहुतेक घरांवर तो प्रसंग येऊं नये, किंवा उशिरा यावा, हें आपल्या हातीं आहे. दर संकष्टीस, चंद्रोदयाची वाट पाहत बसलेलों असतां, घरच्या कुत्र्यामांजरावरून डोक्यापासून शेंपटीपर्यंत एकवार सावकाश हात फिरवावा; जबडा, गळा, कांखा, स्तनांची ओळ, मांड्या यांपैकीं कांहीं वगळूं नये. नवीन गांठ लागली तर तारीख व आकार वहींत टिपावा आणि दुसऱ्या दिवशीं दवाखाना गांठावा. मुलांकडून हें काम करविल्यास आणखी चांगलें. मुक्या जीवाचें दुखणें बोटांनीं वाचण्याची विद्या लहानपणींच हातीं बसली म्हणजे ती जन्मभर उपयोगी पडते.